चार हातांचा रेणू

मंडळी, बेळगावच्या वडगाव-खासबागमध्ये मागाचा खडखडाट ऐकत वाढलेले कित्येकजण समोर बसले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. नुसता ताणा भरून कापड होत नाही, बाणा आडवा जावा लागतो. प्लास्टिकमध्येही लांब साखळ्या सुट्या असल्या तर उष्णतेनं ते वितळतं. त्याच साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या की वितळायचं नाव घेत नाही. अशी बांधणी करणारा एक द्रव आहे.

त्याचं नाव पेंटाएरिथ्रिटॉल टेट्राकिस मर्कॅप्टोप्रोपिओनेट. मध्ये एक कार्बन, त्याला चार फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गंधक-हायड्रोजनची जोडी. ही जोडी म्हणजे थायॉल, जुन्या भाषेत मर्कॅप्टन. स्वयंपाकाचा गॅस गळला की ज्याचा वास येतो, तो इथिल मर्कॅप्टन याच कुळातला. आपला रेणू जड, त्यामुळे तेवढा उडत नाही. तरी बाटली उघडली की नाकाला कळतंच.

दोन हातांची माणसं एकमेकांचे हात धरतात तेव्हा रांग होते. त्यांच्यात चार हातांचे मिसळले की जाळं होतं. दुहेरी बंधाची दोन टोकं असलेला जोडीदार बरोबरीनं घेतला, तर गणितानं साधारण ५८ टक्के हात जुळेपर्यंत मिश्रण वाहतं राहतं, मग गोठतं. म्हणजे हात जुळताना होणारं बरंचसं आकुंचन द्रव असतानाच होऊन जातं. अ‍ॅक्रिलेट, म्हणजे अशा कामाला नेहमी वापरलं जाणारं दुसरं रसायन, फार लवकर गोठतं, पुढचं आकुंचन घट्ट झालेल्या अंगात होतं आणि ताण आतच अडकतो. या रसायनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. शिवाय अतिनील दिव्याखाली वाळवताना हवेतला ऑक्सिजन अ‍ॅक्रिलेटचा वरचा थर चिकट ठेवतो. थायॉल आपला हायड्रोजन देऊन क्रिया पुढे चालू ठेवतो.

चष्म्याच्या पातळ काचा घ्या. आयसोसायनेट नावाच्या जोडीदाराबरोबर हा द्रव वापरून १.६० वक्रीभवनांकाची भिंगं बनतात. हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश जास्त वळतो आणि भिंग पातळ चालतं. साध्या प्लास्टिकची १.५०ची. पाच मिनिटांत धरणाऱ्या इपॉक्सी गोंदाच्या हार्डनरमध्येही, म्हणजे त्याला घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागात, असेच थायॉल असतात, सोबत क्रियेला वेग देणारं अमाइन. मात्र तापणाऱ्या भागावर त्या सांध्याचा भरवसा धरू नका, तो मऊ पडतो.

“हार्डनर जरा जास्त घाला, लवकर धरेल,” असं उद्यमबागेतल्या कारखान्यांत सर्रास ऐकतो. मीही एकदा अंदाजानं मिसळलं आणि दुसऱ्या दिवशी सांध्यात नख रुतलं. आपल्या द्रवाचा रेणुभार सुमारे ४८९, हात चार, म्हणजे एका हातामागे १२२ ग्रॅम. जोडीदाराचा हिशेबही असाच काढा आणि काट्यावर तोला. जास्तीच्या हातांना धरायला कुणी नसतं, ते मोकळेच लोंबत राहतात.

हातमोजे मात्र हवेतच. याची त्वचेला अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की थेंबभर लागलं तरी पुरळ उठतं. पाण्यातल्या जिवांना तर हा फारच विषारी. उरलेला द्रव गटारात ओतू नका, ते पाणी बळ्ळारी नाल्यातून आपल्याच भाताच्या शिवारात जातं. झाकण घट्ट लावा, वर नाव लिहा आणि घातक कचऱ्यात द्या.