ट्रेलरला जोडायचं काय आणि कुठे

मंडळी, ॲक्सेसरी म्हटल्याबरोबर तुमच्यातले निम्मे लोक मनाने दुकानात पोचलेत. आज दुकान राहू दे. प्लायवूड, करवत आणि ड्रिल, एवढ्यावर भागवू.

आपण बोलतोय त्या टिअरड्रॉप ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, थेंबाच्या आकाराच्या चिमुकल्या फिरत्या घराबद्दल. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून हौशी लोक तो घरीच बांधत आलेत. माप बहुतेक चार बाय आठ फूट, कारण प्लायवूडची शीटच तेवढी येते. आत गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. संपलं घर!

मेख आहे ती या ओट्यात. तो मागे, म्हणून शेगडी, भांडी, पाणी, जे नवीन सुचेल ते सगळं मागेच कोंबलं जातं. पाच गॅलनचा पाण्याचा कॅन म्हणजे १९ किलो. मागचं वजन वाढलं की पुढची, गाडीला जोडायची दांडी हलकी होते आणि हायवेवर वेग घेतला की ट्रेलर डोलायला लागतो. डोलणं वाढत गेलं तर गाडीही हातात राहत नाही. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर हवा. ५०० किलोच्या ट्रेलरला ५० ते ७५ किलो. मोजायला बाथरूममधला वजनकाटा चालतो. सगळं सामान भरा, चाकांना अडण लावा आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दांडीचं टोक टेकवा. ट्रेलर मात्र समतल हवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

म्हणून माझ्या मते पहिली करायची वस्तू म्हणजे दांडीवर बसणारी पेटी. बॅटरी तिच्यात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला जितका जवळ बसेल तितका बसवा; तो दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. हे लोक विसरतात. पेटी झाली की काटा पुन्हा काढा, कारण दांडीवर जास्त भारही नको, गाडीचं मागचं अंग दबतं.

टेबल सोपं. एक पट्टी लांबीच्या बाजूने ४५ अंशांत तिरकी चिरा, दोन तुकडे होतील. एक ट्रेलरच्या भिंतीला, आतल्या लाकडी चौकटीत स्क्रू जाईल असा, दुसरा उलटा करून टेबलाच्या फळीला. फळी वरून अडकवली की बसते, उचलली की निघते. बाहेरच्या कडेला दोन पाय द्या. बिजागऱ्यांच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. बाहेर बसायच्या जागेवरच्या छतासाठी ताडपत्री आणि दोन काठ्या पुरतात, फक्त एक कोपरा खाली ओढा. सपाट ताणली तर पावसाचं पाणी मधोमध साचतं.

मघाशी कोणीतरी विचारलं, पाऊस असला तर शेगडी आत घेऊन पोहे करता येतील का? नाही. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. त्या दिवशी चिवडा खा.