प्रायश्चित्त म्हणून दुसरी शस्त्रक्रिया नको

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली व्यक्ती पाच-सहा वर्षांनी पुन्हा शल्यचिकित्सकाच्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्या हातात जुनी फाइल असते आणि मनात निकाल आधीच लागलेला असतो. शस्त्रक्रिया चांगली होती, डॉक्टर चांगले होते, नापास झालो ते आपण, असा तो निकाल. मी मानसशास्त्रज्ञ म्हणून अशा रुग्णांशी बोलते आणि आजचे माझे सारे म्हणणे या निकालाविषयी आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज काहींना खरोखर असते, काहींना नसते. परंतु ती आहे की नाही हे ठरवताना माणूस स्वतःला गुन्हेगार समजत असेल, तर तो तिच्याकडे उपचार म्हणून न पाहता प्रायश्चित्त म्हणून पाहू लागतो, आणि प्रायश्चित्त घ्यायला आलेला माणूस डॉक्टरांना प्रश्न विचारत नाही.

प्रथम शरीराचे काय होते ते पाहू, कारण मनाची समजूत काढण्यापूर्वी माहिती दुरुस्त करणे बरे. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. त्यात वजन सर्वांत कमी झाले ते पहिल्या एक-दोन वर्षांत, आणि त्यानंतर ते सरासरीने थोडे थोडे वाढत जाऊन स्थिरावले. दहा वर्षांनी बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन मूळ वजनापेक्षा सुमारे 25 टक्के, जठराला उभे टाके घालून पट्टी बसवलेल्यांचे 16 टक्के, तर जठराभोवती नुसता बँड म्हणजे आवळपट्टा बसवलेल्यांचे 14 टक्के कमी होते. म्हणजे काही वजन परत येणे हा शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या वाटचालीचाच भाग आहे. हे रुग्णाला पहिल्या शस्त्रक्रियेआधी सांगितलेले असते का? पुष्कळदा फॉर्मवर छापलेले असते, पण सांगितलेले नसते. दवाखान्यांच्या जाहिरातींत आधीचा आणि नंतरचा असे जे दोन फोटो शेजारी शेजारी लावतात, त्यांतला नंतरचा फोटो कितव्या महिन्यातला आहे, हे मी नेहमी शोधते आणि मला ते क्वचितच सापडते.

वजन परत येण्याची कारणेही एकाच जातीची नसतात. बँड सरकतो किंवा जठराच्या भिंतीत रुततो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेली नळी ठेवतात, ती काही जणांत काळाने सैल होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी आणि आतडे यांच्यातला जोड रुंदावतो. थायरॉइड मंदावतो, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू होतात, इन्सुलिनचा डोस वाढतो, बाळंतपण होते, पाळी जाते, मानसोपचाराच्या काही गोळ्यांनी भूक वाढते. आणि हो, खाणेही बदलते. मोठे ताट जात नाही म्हणून दर तासाला चहाबरोबर दोन बिस्किटे, येता-जाता मूठभर फरसाण, रात्री एखादे आइस्क्रीम असे खाणे सुरू होते, कारण मऊ आणि पातळ पदार्थ लहान जठरातूनही सहज उतरतात. हे शेवटचे कारण खरे आहे म्हणून आधीची सगळी खोटी ठरत नाहीत. पण रुग्णाला विचारले तर तो फक्त हे शेवटचेच सांगतो.

या खाण्याकडेही जरा निराळ्या नजरेने पाहता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे, स्वेच्छेने आलेले आणि मनाने खंबीर म्हणून निवडून घेतलेले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले. या काळात ते खाण्यापलीकडे दुसऱ्या कशाचा विचारच करीनासे झाले. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, कोणी ताटातल्या घासाशी तासन् तास खेळत बसू लागले, चिडचिड आणि औदासीन्य वाढले, आणि प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर खाऊनही अनेकांचे समाधान होईना. यांतल्या कोणाला आपण हावरट म्हणणार? उपासमार ओळखणारी शरीराची यंत्रणा वजन घटल्यावर जागी होते, आणि ती बराच काळ जागीच राहते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या एका अभ्यासात आहाराने वजन कमी केलेल्यांची संप्रेरके वर्षभरानंतरही भूक वाढवण्याच्याच बाजूला झुकलेली आढळली. शस्त्रक्रियेने या यंत्रणेला पुष्कळ आवर बसतो, म्हणूनच नुसत्या पथ्यापेक्षा ती अधिक टिकते. पण यंत्रणा बंद पडत नाही. स्वतःवर ताबा नाही असे जे रुग्ण म्हणतात, त्यांनी हा ताबा कोणाविरुद्ध ठेवायचा होता ते एकदा समजून घ्यावे.

आता शरमेकडे येते, कारण माझ्या अनुभवात खरे नुकसान ती करते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे उदाहरण, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, सांगते. त्यांची स्लीव्ह झालेली होती आणि त्या बरीच वर्षे तपासणीला गेलेल्या नव्हत्या. वजनकाट्यापाशी आल्यावर त्यांनी आधी चपला काढल्या, मग घड्याळ काढले, मग बांगड्या, मग केसांतली क्लिपसुद्धा काढून ओढणीबरोबर खुर्चीवर ठेवली आणि आकड्याकडे पाठ करून काट्यावर उभ्या राहिल्या. "आकडा मोठ्याने सांगू नका," एवढेच त्या म्हणाल्या. मी तो लिहून घेतला आणि कागद उलटा ठेवला. तपासणीला इतकी वर्षे का गेला नाहीत, असे विचारल्यावर उत्तर आले, "तिथे कॉरिडॉरमध्ये माझा फोटो लावलाय. त्याच्याखालून कशी जाऊ?"

पुढच्या बोलण्यात निघाले ते असे. गेली दोन वर्षे त्या तीन उशा घेऊन झोपत होत्या, रात्री आंबट पाणी घशाशी येत होते, पहाटे खोकला लागत होता. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, कारण आपण नको ते खातो त्याची ही शिक्षा आहे अशी त्यांची खात्री होती. वास्तविक स्लीव्हनंतर आम्ल वर येणे हा त्या शस्त्रक्रियेचा माहीत असलेला दोष आहे. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना करणारा जो अभ्यास झाला, त्यात दहा वर्षांनी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) केली तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी 31 टक्क्यांच्या अन्ननलिकेत दाह आढळला, बायपास झालेल्यांत तो 7 टक्क्यांमध्ये होता. या तक्रारीसाठीच स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करतात. म्हणजे ज्या लक्षणावरून दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा, तेच लक्षण शरमेने झाकून ठेवले होते. आणि वजन वाढल्याची कबुली मात्र त्या न विचारता देत होत्या.

म्हणून मी पहिल्या भेटीत खाण्याची उलटतपासणी करीत नाही. झोप कशी आहे, ढेकर कसे येतात, उलटी होते का, मुंग्या येतात का, विसरायला होते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे आधी विचारते. ब-12 आणि लोह कमी पडले तर थकवा येतो. ब-12 च्या कमतरतेने मनही उदास होते, आणि शाकाहारी घरांत ती कमतरता शस्त्रक्रियेआधीपासूनच असू शकते. सारख्या उलट्या होत असतील तर ब-1 ची कमतरता वेगाने वाढून मेंदूला इजा करू शकते. तिथे समुपदेशनात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत. बायपासनंतर नैराश्यावरच्या काही गोळ्या पूर्वीइतक्या शोषल्या जात नाहीत, त्यामुळे जुना आजार हळूच डोके वर काढतो आणि रुग्ण म्हणतो, माझाच स्वभाव बिघडला. मन आणि रक्ततपासणी यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याची आपली सवय इथे महागात पडते.

घरच्यांविषयी थोडे बोलते. आपल्याकडे शस्त्रक्रिया एकट्याची नसते. तिच्यासाठी ठेव मोडलेली असते, दागिने गहाण पडलेले असतात, सासरच्यांची मनधरणी केलेली असते. मग हळदीकुंकवाला कोणी सहज म्हणते, "परत भरलीस गं!" आणि जेवताना दुसरी पोळी घेतली की समोरून नुसती नजर येते. "एवढे पैसे पाण्यात घातले" हे वाक्य नवऱ्याने एकदाच उच्चारलेले असते, पण बाईंच्या कानात ते रोज वाजते. पुरुष रुग्णांचे निराळे असते. ते विनोद करतात, ऑफिसच्या पार्टीत स्वतःच्याच पोटावर टाळी मिळवतात आणि तपासणीला यायचे मात्र टाळतात. नातेवाइकांना मी एवढेच सुचवीन, की ताटावर लक्ष ठेवण्यापेक्षा तपासणीच्या तारखेवर ठेवावे आणि त्या दिवशी सोबत यावे. रुग्णाने पहिल्या वर्षांत जे मिळवले होते त्याची आठवण काढावी, पण तुलनेसाठी नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या काही वर्षे बंद होत्या, गुडघे हलके झाले होते, जिना चढताना धाप लागत नव्हती, हे सारे खरोखर घडलेले असते.

दुःख करायला वेळ द्यावा लागतो, हेही मला आग्रहाने सांगायचे आहे. कमी मापाचे कपडे शिवून घेतलेले असतात, जुने मोठे कपडे वाटून टाकलेले असतात, आणि आता पुन्हा शिंप्याकडे जाऊन माप द्यायचे असते. लोकांनी अचानक आदराने बोलायला सुरुवात केली होती, तो आदर परत निघून जातो. हा अनुभव वजनापेक्षाही बोचणारा आहे, आणि त्यावर राग येणे अगदी योग्य आहे. हा राग आणि हे रडणे व्हायच्या आत दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्यांना मी थांबायला सांगते. अर्थात बँड रुतलेला असेल, अन्न उतरत नसेल, रक्तस्राव होत असेल, तर थांबायचे नसते. नुसत्या वजनासाठीची शस्त्रक्रिया मात्र काही आठवडे थांबू शकते.

त्या आठवड्यांत करायचे काम असते. शल्यचिकित्सकाकडून कळून घ्यावे, की माझ्या जठराची रचना आज कशी आहे, ती कोणत्या तपासणीत दिसली, आणि नव्या शस्त्रक्रियेने नेमके काय दुरुस्त होणार आहे. आधीच्या चिकटलेल्या भागांमुळे दुसऱ्या वेळी गळती आणि इतर गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि वजनही सहसा पहिल्याइतके उतरत नाही. हे ऐकून घेण्याइतके मन शांत असले पाहिजे. रचनेत दोष नसेल तर औषधांचा पर्याय आहे का, हेही विचारावे. 2025 पासून आपल्याकडे टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने मिळू लागली आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या वजनासाठी अशा औषधांचा वापर डॉक्टर करू लागले आहेत. खर्चाचेही आधीच स्पष्ट व्हावे. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या मजकुरानुसार बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती ते सांगणारा आकडा) 40 किंवा अधिक, अथवा 35 किंवा अधिक आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, या अटींबाहेरची वजनाची शस्त्रक्रिया विमा कंपनी वगळू शकते. आपली केस त्यात बसते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे, म्हणजे दुसरा कर्जाचा डोंगर पहिल्या अपराधीपणावर चढत नाही.

अनियंत्रित खाण्याचे झटके येत असतील, म्हणजे थोड्या वेळात खूप खाल्ले जाते, थांबता येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते, तर त्यावर वर्तनोपचार शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करावेत. त्यात आम्ही करवून घेतो ते काम दिसायला साधे आहे. खाल्लेल्या पदार्थांपुढे उष्मांक न लिहिता त्याआधीचा अर्धा तास कसा गेला ते लिहायचे. वर सांगितलेल्या बाईंच्या वहीत दोन आठवड्यांनी दिसले, की रात्रीचे खाणे बहुतेक त्या दिवशी होत होते ज्या दिवशी दुपारचा डबा तसाच परत आला होता. वजन वाढले म्हणून त्या दुपारी उपाशी राहत होत्या. डबा संपवायला सुरुवात केल्यावर रात्रीचे खाणे थांबले नाही, पण कमी झाले, आणि त्यांनी प्रथमच एंडोस्कोपीसाठी स्वतःहून फोन केला. पुढे त्यांची बायपास झाली. ती आम्लासाठी झाली हे त्या स्पष्ट सांगतात, आणि किती किलो उतरले हे विचारणाऱ्याला झोप लागते असे उत्तर देतात.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष सहसा उत्साहात जाते. माझी काळजी त्यानंतरची आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेले दिसले, विशेषतः बायपासमध्ये, कारण मद्य रक्तात फार लवकर चढते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या 8815 जणांच्या नोंदींत, स्वतःला इजा केल्यामुळे तातडीने रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण नंतरच्या तीन वर्षांत आधीच्या सुमारे दीडपट झाले होते, आणि त्यांतले बहुसंख्य आधीपासून मानसिक आजार असलेले होते. ज्यांना पूर्वी नैराश्य होते त्यांनी ते फाइलमध्ये लिहवून घ्यावे, लपवू नये. जगणे नको वाटू लागले तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येते. आणि शल्यचिकित्सकाची भेट तिसऱ्या महिन्याची, सहाव्या महिन्याची ठरते, तशी समुपदेशकाची भेट दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठीही घरी सोडण्याच्या दिवशीच कार्डावर लिहून घ्यावी. वजन उतरलेले असो वा चढलेले, त्या तारखेला यायचे असे तेव्हाच ठरवावे, आणि रुग्णालय अशी तारीख देत नसेल तर ती मागावी.