बदक म्हणजे मुलगा कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन इजिप्तच्या देवळांवर आणि थडग्यांवर राजाच्या नावाआधी बरेचदा एक बदक कोरलेलं दिसतं, सोबत सूर्याची चकती. दोन्ही मिळून वाचायचं, ‘रा देवाचा पुत्र’. सूर्य म्हणजे रा, हे पटतं. पण बदक म्हणजे मुलगा कसा?

एका जुन्या ग्रीक ग्रंथात याचं उत्तर आहे: हा पक्षी पिल्लांवर जिवापाड माया करतो, म्हणून. ऐकायला छान, पण साफ चूक. खरी गोष्ट अशी की मुलाला इजिप्शियन भाषेत ‘सा’च्या जवळ जाणारा शब्द होता आणि त्या बदकाच्या चिन्हाचा उच्चारही तोच. बाकी मायेचा काही संबंध नाही.

चित्र म्हणजे थेट अर्थ, या एका गैरसमजापायी चौदाशे वर्षं वाया गेली, असं मला वाटतं. तारखेसह कोरलेला शेवटचा हायरोग्लिफिक, म्हणजे या चित्रलिपीतला, लेख इ.स. ३९४ मधला, नाईल नदीतल्या फिले बेटावरचा. त्यानंतर ही लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. पुढचे विद्वान चित्रांत गूढ तत्त्वज्ञान शोधत बसले.

ही लिपी चालते कशी? काही चिन्हं एका व्यंजनाची, काही दोन-तीन व्यंजनांची. स्वर लिहीतच नाहीत. आपण ‘कमल’, ‘कमाल’ आणि ‘कोमल’ हे तिन्ही शब्द नुसते क-म-ल असे लिहिले, तर काय होईल? तोच घोळ तिथेही व्हायचा. म्हणून शब्दाच्या शेवटी एक मुकं चिन्ह जोडत. त्याचा उच्चार करायचा नाही, त्यावरून फक्त अर्थाची दिशा कळते. घराच्या आराखड्याचं चिन्ह घ्या: खाली दार उघडं ठेवलेला आयत. त्याची व्यंजनं प आणि र. खाली एक उभी रेघ दिली की ‘घर’. तेच चिन्ह, पुढे ‘र’साठी तोंड आणि शेवटी चालणारे दोन पाय काढले, की ‘बाहेर पडणे’.

या मुक्या चिन्हांत चिमणीवर मात्र अन्याय झालाय. लहान, वाईट, दुबळं असं काही लिहायचं झालं की शेवटी चिमणी! तिच्यासारखीच दिसणारी पाकोळी मात्र ‘थोर’ या शब्दात मानानं बसते. फरक फक्त शेपटीचा: चिमणीची गोलसर, पाकोळीची दुभंगलेली. कोरणाऱ्याचा हात जरा घसरला की थोराचा क्षुद्र झालाच.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती १७९९ मध्ये रशीद गावाजवळ फ्रेंच सैनिकांना सापडलेल्या शिळेमुळे. तोच रोझेटा स्टोन. इ.स.पू. १९६ मधला एकच राजादेश त्यावर हायरोग्लिफिक, डेमोटिक (इजिप्तची रोजच्या वापराची लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलाय. इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी लंबगोल चौकटीतलं ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजाचं नाव बरंचसं ओळखलं. पण चित्रांतून उच्चार लिहिण्याची युक्ती फक्त परकी नावं लिहिण्यापुरती असावी, असं तेव्हा मानलं जाई.

ती समजूत मोडली १८२२ मध्ये. फ्रान्सच्या जाँ-फ्रान्स्वा शाम्पोलियाँ यांच्या हाती अबू सिंबेलच्या देवळातली एक चौकट नकलून आली. सुरुवातीला सूर्याची चकती, मध्ये एक चिन्ह आणि शेवटी ‘स’ दोनदा. इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक, ती त्यांना उत्तम येई. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’. मधलं चिन्ह ‘मस’ धरलं आणि नाव उभं राहिलं: रामसेस. हा तर अस्सल इजिप्शियन राजा! म्हणजे परक्या नावांपुरती नव्हे, ही त्या लोकांची रोजची रीत होती.

आता कुठे असा लेख दिसलाच, तर आधी पक्ष्यांच्या चोची बघा. त्या ज्या बाजूला वळल्यात, तिथून वाचायला सुरुवात. मात्र तूतनखामुनचं नाव शोधत असाल तर फसू नका. ‘अमुन’ उच्चारात शेवटी येतो, पण चौकटीत आधी कोरलेला असतो. तो देव पडला, त्याला मागे कसं ठेवणार?

नमस्कार.