पंचवीस वाजून तीस मिनिटं

(दृश्य: सुरसागरच्या काठचे दिवे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना. वरच्या खोलीत उघडा लॅपटॉप.)

बडोद्यात शनिवारी रात्रीचे दहा वाजलेत. टोकियोत रविवार लागून दीड तास झाला. तिथल्या टीव्हीच्या वेळापत्रकात मात्र अजून शनिवारच आहे, आणि वेळ छापली आहे २५:३०.

ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांची, गोडी लागली की पहिलं अडतं ते इथे. मध्यरात्रीनंतरचे कार्यक्रम तिकडे आदल्याच दिवसाच्या खात्यात मांडतात. २४:००, २५:३०, २६:०० असे. छापलेल्या वेळेतून साडेतीन तास वजा करा आणि वार तोच ठेवा. २५:३० म्हणजे आपले २२:००. बरेच जण आधी २५:३० चे दीड करतात, वार बदलायला विसरतात आणि शुक्रवारी रात्रीच नवा भाग शोधत बसतात. ॲनिलिस्ट या संकेतस्थळावर पुढच्या भागाला किती वेळ उरला ते दिसतं, पण तो हिशोब जपानमधल्या प्रक्षेपणाचा. भारतात तो भाग कधी येणार, हे परवाना घेतलेल्या सेवेकडेच पाहावं लागतं.

नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. एका सत्रात साधारण बारा-तेरा भाग.

(दृश्य: वहीवर दोन शब्द लिहिणारा हात.)

आता मालिकांची नावं. ओजिसान म्हणजे काका. ओजीसान म्हणजे आजोबा. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढाच फरक, आणि रोमन लिपीत तो हमखास हरवतो. लांब ‘ओ’ तर तिथे तीन-चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून एकच मालिका एका शोधात सापडते, दुसऱ्यात नाही. मायॲनिमेलिस्ट या संकेतस्थळावर मालिकेच्या पानावर मूळ जपानी नाव असतं. ते उचलून शोधखिडकीत टाका, स्पेलिंगचा घोळच मिटतो. मराठी माणसाला इथे दोन गोष्टी आयत्या मिळतात. जपानी ‘त्सु’चा उच्चार आपल्या ‘चूल’मधल्या ‘च’सारखा करा, बरोबर बसतो. आणि तिथली वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशी चालते. या क्रमावर बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाची छाप आहे, त्यामुळे ती पाठ करताना फार परकी वाटत नाही.

(दृश्य: कीबोर्ड, अगदी जवळून. पूर्णविरामाच्या कळीवर बोट.)

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० पासून या शहरात आहे. चित्र काढणाऱ्यांच्या या गावात ॲनिमे नुसतं बघून सोडायचं नाही, मोजायचंही. यूट्यूबवर म्यूझ इंडिया आणि ॲनी-वन एशिया या वाहिन्या परवान्यानिशी काही मालिका फुकट दाखवतात. व्हिडिओ थांबवा. पूर्णविरामाची कळ एकदा दाबली की एक चौकट (फ्रेम) पुढे, स्वल्पविरामाने एक मागे. एका सेकंदात २४ चौकटी. पात्राचा हात दर तिसऱ्या दाबाला हलला, तर सेकंदाला आठ चित्रं. दर दुसऱ्याला हलला, तर बारा. एखाद्या झटापटीत तो प्रत्येक दाबाला हलतो. तिथे थांबा, पुन्हा मागे जा, पुन्हा पाहा. कुणीतरी सेकंदभरासाठी २४ वेळा कागदावर ओणवं झालेलं आहे.

मोजताना पार्श्वभूमी धरू नका. ती सरकत असते आणि प्रत्येक चौकटीत बदलते. ओठही धरू नका, ते बहुधा वेगळ्या थरावर असतात. मोजणी तीन-तीनऐवजी चार, चार, चार, तीन अशी येऊ लागली, तर व्हिडिओ सेकंदाला ३० चौकटींचा आहे आणि दर चारांमागे एक चौकट दोनदा आली आहे. व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, तिथे सेकंदाच्या चौकटींचा आकडा मिळेल.

जपानहून डिस्क मागवणार असाल तर आधी विभाग तपासा, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या यंत्रांवर चालेल ते सांगणारी खूण. डीव्हीडीत जपान २, भारत ५. ब्लू-रेत जपान ए, भारत सी. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला विभाग पाचदाच बदलता येतो, पाचवा कायमचा.

(दृश्य: भागाच्या शेवटची श्रेयनामावली, सावकाश वर जाणारी.)

ही दीड मिनिटं गाळू नका. ‘गेन्गा’च्या खाली मुख्य चित्रं काढणाऱ्यांची नावं, ‘दोगा’खाली मधली चित्रं भरणाऱ्यांची, ‘साकुगा कान्तोकु’ म्हणजे ती सगळी तपासून एकाच हाताने काढल्यासारखी करणारा. मघाशी मोजलेला तो हात यांतल्याच कुणाचा तरी. अनेक मालिकांची अशी नामावली ॲनिमे न्यूज नेटवर्क या संकेतस्थळाच्या कोशात सापडते. नाव उतरवून घ्या, आणि त्या माणसाने आणखी कुठे काम केलंय ते तिथेच शोधा.