असईच्या वावरातलं शिसं

[दृश्य: जालना जिल्हा. केळणा नदीचं पात्र, काठावर कापूस आणि मक्याची वावरं.]

केळणा आणि जुई. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात कोरड्याठाक पडणाऱ्या दोन लहान नद्या. त्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथं दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज एकमेकांना भिडली. नागपूरकर भोसले शिंद्यांच्या बाजूला होते. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.

नदी पायी पार करता येईल असा उतार जवळपास नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. इतक्या जवळच्या गावांत येणंजाणं असणारच, म्हणजे उतारही असणार, हे त्यानं ओळखलं. फौज पार झाली. शिंद्यांच्या पलटणींनी झपाट्यानं तोंड फिरवून नवी फळी धरली आणि तोफांना बत्ती दिली.

[दृश्य: तळहातावर एक गोळी. अगदी जवळून.]

ही गोळी याच पट्ट्यातल्या एका वावरात वखराच्या पाळीला वर आली. शेतकऱ्यानं ढेकूळ फोडलं आणि हाक मारली, "दादा, हे बघा, शिसं हाय जणू." आकार सुपारीपेक्षा लहान, पण हातात घेतली की वजन लगेच जाणवतं. वरचा पांढुरका थर म्हणजे मातीत राहून शिशावर चढलेलं पूट. ते घासून काढायचं नाही, त्याच्याखालीच गोळीचं मूळ अंग शाबूत असतं. मधोमध साच्याची बारीक रेघ दिसते. रेघ शाबूत आणि गोळी गोल, म्हणजे ती बहुधा उडालीच नाही. बार भरताना हातातून पडली असेल, नाहीतर काडतुसांच्या पेटीतून सांडली असेल. एका अंगानं चपटी झालेली असती, तर ती कशावर तरी आदळली असती.

[दृश्य: मेटल डिटेक्टर जमिनीलगत सावकाश फिरतो आहे.]

या यंत्राच्या तळाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज खेळते आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात छोटे विद्युतप्रवाह उठतात, ते यंत्राला कळतात आणि कानात आवाज येतो. सांगायला सोपं आहे. पण मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली, तिच्यात लोहयुक्त चुंबकी कण असतात, त्यामुळं मातीच कुरकुरत राहते. यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं. त्यात शेतातला कचरा: बैलाच्या पायाची पत्री, मोडक्या पासेचा तुकडा, खिळे, आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या. त्या पुड्यांनी तर जीव मेटाकुटीला येतो.

इतकं करून हाती काय येतं? बाजारात या शिशाला मोल नाही. मोल आहे ते जागेला. गोळी नेमकी कुठं सापडली, किती खोल, शेजारी काय होतं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर 1983 मध्ये वणव्यात गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी तिथं मेटल डिटेक्टर फिरवले. प्रत्येक गोळीला, प्रत्येक पुंगळीला खूण केली, मगच ती उचलली. त्या खुणांच्या नकाशावरून 1876 च्या लढाईत कोण कुठून लढलं, कुठं सरकलं, हे नव्यानं समजलं. असईलाही हे करता येईल. नांगरटीनं गोळी थोडी इकडंतिकडं सरकते, पण वावर सोडून जात नाही.

आणि असईला तर हे व्हायलाच हवं. कंपनीच्या बाजूचा हिशेब कागदावर आहे: 428 ठार, 1,138 जखमी, 18 बेपत्ता. त्यांच्या पलटणींना निशाणावर मिरवायला हत्ती आणि 'असई' हे नाव मिळालं. आपल्या गोलंदाजांचं काय? शत्रू अंगावर आला तरी ते तोफांपाशीच राहिले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले. कंपनीची रांग पुढं गेल्यावर उठले, आणि त्याच तोफा मागून तिच्यावर चालवल्या. त्या तोफा परत घ्यायला गेलेल्या वेलस्लीचं घोडं भाल्यानं जखमी झालं. शेवटी 98 तोफा कंपनीनं नेल्या. त्या गोलंदाजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ते कुठं उभे होते, ही एकच नोंद शिल्लक आहे आणि ती या मातीत आहे.

म्हणून गुप्तधनाच्या नादानं रात्री यंत्र घेऊन फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. खड्डा खणून वस्तू खिशात टाकली, की ती नोंद कायमची पुसली जाते.

[दृश्य: देवगिरीचा तट.]

कायदाही स्पष्ट आहे. संरक्षित किल्ल्यावर आणि स्थळावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातसुद्धा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं निखात धन, म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, सापडलं, तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

आणखी एक. लोखंडी गोळा पोकळ वाटला, त्याला भोक दिसलं, तर तो कुलपी गोळा, म्हणजे आत स्फोटाची दारू भरलेला तोफगोळा, असू शकतो. आतली दारू दोनशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. ठोकायचा नाही, घासायचा नाही, घरी न्यायचा नाही. लेकरांना लांब करून पोलिसांना कळवायचं.

वखराला काही लागलं, तर मोबाइलवर जागेसकट फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि तहसीलला कळवा. पुढचं काम विद्यापीठानं आणि पुरातत्त्व विभागानं गावकऱ्यांना सोबत घेऊन करायचं आहे. त्याला हंगामही ठरलेला आहे. पाडव्यानंतर नांगरट झालेली असते आणि मृगाच्या पेरणीपर्यंत रान मोकळं असतं. यंदाचा उन्हाळा त्यांनी वाया घालवू नये.