बारोलो: थांबायला पैसा लागतो

[दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. धुक्यातून वर आलेले टेकड्यांचे माथे, उतारांवर द्राक्षवेलींच्या रांगा.]

या उतारांवर 2021 साली जी द्राक्षं तोडली, त्यांची लाल वाइन बारोलो या नावाने दुकानात यायला 2025 चा जानेवारी उजाडला. कायदाच तसा आहे. तोडणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने वाइन मुरली पाहिजे, त्यातले किमान 18 महिने लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझेर्वा’ छापायचं असेल तर 62 महिने, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. तोवर मजुरी चुकती करायची, तळघर सांभाळायचं, आणि त्या पिकाचा एक युरोही हातात नाही.

हा इटलीच्या वायव्येचा पिएमोंते प्रांत. तुरीनच्या दक्षिणेला, आल्बा शहराभोवती या टेकड्या पसरल्यात. त्यांना लांगे म्हणतात. बारोलो हे इथलं एक छोटंसं गाव, पण त्याचं नाव लावायचा हक्क 11 गावांना आहे. सगळी मिळून लागवड सुमारे 2,200 हेक्टर.

[दृश्य: ग्लासमधली वाइन, उजेडासमोर धरलेली.]

रंगावर जाऊ नका. बारोलो ज्यापासून बनते, त्या नेब्बिओलो द्राक्षाची साल पातळ, रंग फिका. ग्लासमागचं बोट आरपार दिसतं. घोट घेतला की कळतं. कच्ची सुपारी चावावी तसा तुरटपणा, हिरड्या आवळून येतात. वर आंबटपणाही भरपूर. तरुण बारोलो अनेकांना आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

हा तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या तुरट द्रव्याचा. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जिभेला टोचणारं मऊ होतं, रंग विटकरीकडे झुकतो. सुरुवातीच्या गुलाब आणि चेरीच्या वासात डांबर, ज्येष्ठमध, सुकलेला पाला, अळंबी असं काय काय मिसळत जातं. आंबटपणा मात्र टिकून राहतो, म्हणून वीस-तीस वर्षांनीही चांगल्या सालातली बारोलो ताठ उभी असते. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हा समज सरसकट खरा नाही. जगातल्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवायच्याच असतात. हिला मुरायला वेळ लागतो, कारण मुरण्यासारखं हिच्यात खूप काही असतं.

किती वेळ लागेल, ते मातीही ठरवते. कोटभर वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ होता. ला मोर्रा आणि बारोलो गावांकडे निळसर करडी, चुनामिश्रित चिकणमाती. तिथली वाइन सुगंधी आणि जरा लवकर तयार होणारी. पूर्वेला सेर्रालुंगाकडे वालुकाश्माचे थर, आणि तिथली बाटली दहा वर्षांनीही कधीकधी दार उघडत नाही.

[दृश्य: बारोलोचा किल्ला. जुनी तैलचित्रं.]

एकोणिसाव्या शतकात हा किल्ला फाल्लेत्ती घराण्याचा होता. शेवटची मार्केझा, म्हणजे घराण्याची सरदारीण, जूलिया कोल्बेर. तिने इथल्या राजाला, कार्लो अल्बेर्तोला, 325 पिंपं बारोलो पाठवली, अशी आख्यायिका आहे. वर्षाचे 365 दिवस, त्यातून उपवासाचे 40 वजा. राजाची सोय झाली. पण त्याच टेकड्यांवर द्राक्षं पिकवणाऱ्याकडे ना पिंपं होती, ना तळघर, ना चार वर्षं दम धरायची ऐपत. विसाव्या शतकातही बहुतेक शेतकरी द्राक्षं गाड्यात भरून आल्बाच्या बाजारात न्यायचे, आणि भाव व्यापारी ठरवायचा. माल नाशवंत. न विकता घरी परत नेणार कुठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं तुरीनच्या फियाटमध्ये गेली, किंवा आल्बातच 1946 साली सुरू झालेल्या फेरेरोच्या मिठाई कारखान्यात. लांगेच्या हेझलनटवर उभी राहिलेली हीच ती कंपनी, जिचा एक कारखाना आज आपल्या बारामतीत आहे. कामगारांना आणायला फेरेरोच्या बस गावोगाव फिरायच्या, त्यामुळे पगार कारखान्याचा आणि संध्याकाळी शेती घरची, असं अनेकांना जमलं. माझ्या मते बारोलोच्या इतिहासात या बसना किल्ल्याइतकंच मोल आहे.

[दृश्य: तळघर. एका बाजूला प्रचंड जुनी पिंपं, दुसऱ्या बाजूला लहान नवी.]

मग भांडण पेटलं. ला मोर्राच्या एलियो आल्तारेने फ्रान्समधल्या बरगंडीत पाहिलं, की तिथला शेतकरी स्वतः बाटल्या भरतो आणि सुखात राहतो. 1983 मध्ये त्याने चेनसॉ घेतली आणि बापाची जुनी पिंपं कापून काढली. जागी आणली 225 लिटरची नवी फ्रेंच पिंपं, ज्यांना ‘बारीक’ (barrique) म्हणतात. रस सालींसोबत महिना-सव्वा महिना ठेवायची रीत मोडून काही दिवसांवर आणली. वाइन गडद, गुळगुळीत, लवकर पिण्याजोगी झाली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं.

पलीकडे बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो. मोठी पिंपं, वेगवेगळ्या उतारांची द्राक्षं एकत्र, आजोबांच्या रीतीने. अंग थकल्यावर तो लेबलं रंगवत बसायचा. एकावर त्याने ती नवी पिंपं आणि राजकारणी बर्लुस्कोनी यांना एकाच दमात नाकारलं: ‘बारीक’ नको, बर्लुस्कोनी नको. आल्बातल्या एका दुकानाच्या काचेतून ती बाटली पोलिसांनी काढायला लावली, आणि अर्थातच तिचा बोलबाला दुप्पट झाला. 2005 मध्ये बार्तोलो गेला. आता वाइनचा कारभार मुलगी मारिया तेरेझा चालवते, आणि रीत तीच.

दोन्ही बाजू आज बऱ्याच जवळ आल्यात. मोठी पिंपं परतली, तळघरं स्वच्छ झाली. मला बार्तोलोची बाजू जास्त पटते, पण आल्तारेची चेनसॉ चालली नसती तर जगाचं लक्ष या टेकड्यांकडे इतक्या लवकर वळलं असतं का, शंका आहे. आता इथल्या एका हेक्टरची किंमत दहा लाख युरोंच्या वर गेलीय.

[दृश्य: टेकडीची सावलीतली बाजू. झाडी, हेझलनटच्या बागा.]

पूर्वी ही द्राक्षं ऑक्टोबरच्या शेवटी तोडली जात. आता उन्हाळे तापतात आणि काही साली सप्टेंबर सरत नाही तोच कात्र्या निघतात. बारोलोच्या नियमाने थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांना मनाई केली, ती तिथे नेब्बिओलो पिकतच नसे म्हणून. आता तेच थंड उतार खुले करावेत, असं काही उत्पादक म्हणतात. बाकीचे विचारतात, आजोबांनी जिथे हेझलनट लावले, तिथली वाइन बारोलो कशी?