इंजिनातील काजळी : घरी काय काढावे, गॅरेजवर काय सोपवावे

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात इंजिनात कार्बन साचतो, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातील कारागीर ऑइल इंजिनचे हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडत आले आहेत. परंतु त्या साध्या, दणकट इंजिनात आणि आज आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीत फार अंतर आहे. बाजारातून एखादी बाटली आणून ओतली की इंजिन आतून स्वच्छ होते, असे समजून घरी प्रयोग करणाऱ्यांना हे अंतर महागात पडू शकते. आपल्या गाडीत काजळी नेमकी कोठे धरली आहे, याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणतेही औषध इंजिनात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काजळी एकाच जागी धरत नाही. इंधन अर्धवट जळाले की ती पिस्टनवर, व्हॉल्व्हवर आणि प्लगच्या टोकावर बसते. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागातून, परत येणाऱ्या तेलाच्या वाफा थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) आणि हवेच्या मार्गात चिकट थर धरतात. डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हमधून (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) परत फिरवलेल्या धुराची काजळी या तेलकटपणात मिसळते आणि डांबरासारखा लगदा तयार होतो. राजारामपुरीतून महाद्वार रोड, तेथून रंकाळा आणि परत घर, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे इंजिन नीट तापण्यापूर्वीच बंद होते, म्हणून तिच्यात हा थर लवकर वाढतो.

गाडी सकाळी उशिरा सुरू होणे, उभ्या जागी थरथरणे, पिकअप न घेणे, अ‍ॅव्हरेज घटणे ही काजळीची लक्षणे आहेत खरी, पण एअर फिल्टर तुंबला, प्लग झिजला किंवा एखादा सेन्सर बिघडला तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी एअर फिल्टर काढून पाहावा, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा आणि पेट्रोल गाडी असल्यास इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग उघडून पाहावेत. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. त्यावर कोरडी काळी भुकटी असेल तर बहुधा इंधन जास्त आणि हवा कमी पडते आहे. टोक तेलाने ओलसर काळे असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत येत असल्याची शंका घ्यावी, आणि तेथे कोणतीही साफसफाई उपयोगी पडत नाही.

घरी हमखास करता येण्यासारखे काम म्हणजे पेट्रोल गाडीची थ्रॉटल बॉडी पुसणे. चावी बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडवून हवेचा पाइप उतरवला की पितळी किंवा चंदेरी रंगाची गोल झडप दिसते, आणि तिच्या कडेला जेथे ती भिंतीला टेकते तेथे काळी कडी धरलेली असते. ही कडीच उभ्या गाडीची थरथर वाढवते, कारण थोडीशी हवा जाण्याची फट तिने बुजवलेली असते. थ्रॉटल क्लीनर झडपेवर मारण्याऐवजी मऊ कापडावर घेऊन कडा पुसाव्यात. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने जोर लावून उघडू नये, आतील दातेरी चाके तुटू शकतात. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश तर अजिबात वापरू नये. बॅटरी पुन्हा जोडल्यावर काही काळ गाडीचा आयडल, म्हणजे उभ्या जागी इंजिन फिरण्याचा वेग, वर-खाली होतो. बहुतेक गाड्यांत तो आपोआप बसतो, काहींना मात्र स्कॅनरने नव्याने शिकवावा लागतो.

इंधनात ओतायच्या द्रवाविषयी थोडे नीट समजून घ्यावे. पॉलिइथरअमाइन हे थर सोडवणारे रसायन असलेले द्रव इंजेक्टर आणि ज्वलनकक्षातील थर कमी करतात, परंतु ते पेट्रोल जेथे पोहोचते तेथेच काम करतात. जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवर पडतो, त्यामुळे तेथेही फायदा होतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते आणि व्हॉल्व्हची मागची बाजू कोरडीच राहते, त्यामुळे टाकीत कितीही द्रव ओतला तरी तेथील थर सुटत नाही. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहूनच खर्च करावा.

दोन प्रयोग कोणीही घरी करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिला, चालू इंजिनात हवेच्या मार्गातून पाणी सोडण्याचा. पाणी दाबले जात नाही, ते प्रमाणाबाहेर सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळे इंजिन खोलण्याची वेळ येते. दुसरा, डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात ज्वालाग्राही स्प्रे मारण्याचा. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर चालते, त्यामुळे तो स्प्रे इंधन म्हणून जळू लागतो आणि इंजिनाचा वेग आवाक्याबाहेर जाऊ शकतो. अशा वेळी चावी बंद करूनही ते थांबत नाही. पेट्रोल-रॉकेलने भाग धुण्याची जुनी सवयही सोडावी, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींत बहुधा धुराचा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, जे शहरातल्या फेऱ्यांत सहसा मिळत नाही. अशी गाडी अधूनमधून महामार्गावर काढून साताऱ्याच्या दिशेने सलग चालवली, तर फिल्टरला आपले काम पूर्ण करण्याची संधी मिळते. व्हॉल्व्हवर वाळून दगड झालेला थर मात्र अशा प्रवासाने निघत नाही.

वापरलेली कापडे आणि उरलेले द्रावण गटारात टाकू नयेत. शहरातले पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेलाच मिळते. ही कापडे आगीपासून दूर, मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत आणि मग गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या डब्याबरोबर द्यावीत.

ईजीआर उतरवणे, व्हॉल्व्हवर अक्रोडाच्या कवचाची भुकटी फवारून थर काढणे, हेड खोलणे, ही कामे जाणकार मिस्त्रींचीच आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर सफाईआधी आणि सफाईनंतर बारीक नळीच्या कॅमेऱ्याने व्हॉल्व्ह दाखवण्याची विनंती जरूर करावी. चांगला मिस्त्री ते आनंदाने दाखवतो, आणि थर खरोखरच पातळ असेल तर काम करण्याची गरज नाही, हेही स्वतः सांगतो.

नमस्कार.